तीन फोटोंमधला मधला

नाशिकहून परत आले तेव्हा शेजारणींनी पिशवीतली द्राक्षं खाल्ली, बेदाण्यांची पुडी उघडली आणि मग हात पुसत म्हणाल्या, "आता फोटो दाखवा." मी म्हटलं, फोटो नाहीत. त्यांना ते खरं वाटलं नाही. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई पाच दिवस नाशकात राहते आणि एक फोटो काढत नाही? काढले होते. त्यांतल्या एकामुळं काय झालं ते तोंडी सांगायला जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

रविवार, पांडवलेणी

माझी कॉलेजातली मैत्रीण निर्मला लग्न होऊन नाशकात आली आणि तिथलीच झाली. इतकी की सकाळी तिनं मला मिसळ खायला नेलं तेव्हा माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून ती हसत होती. आमच्या कुडाळकडे उसळीचा तिखटपणा ओलं खोबरं सांभाळून घेतं. इथं काळा रस्सा येतो, वर पापड येतो, आणि सांभाळून घ्यायला कुणी येत नाही.

तिथून आम्ही पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलो. वर गार वारा होता. खाली हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे सरकत होते. एका लेण्याच्या ओसरीत पांढऱ्या शर्टातला एक तरुण पाचसहा जणांना भिंतीवरचा लेख वाचून दाखवत होता. "हे अधिकचं चिन्ह दिसतंय ना? हा ब्राह्मीतला 'क'. मी गणित शिकवतो, म्हणून मला हाच आधी पाठ झाला."

तो सुमेध. एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवतो, दर रविवारी हौसेनं इथं येतो, पैसे घेत नाही. मी अक्षरांचा तक्ता मागितला तर म्हणाला, "मोबाईलवर पाठवतो, मॅडम," आणि नंबर घेतला, दिला. मग म्हणाला, "लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा इथं काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत. आम्ही त्रिरश्मी म्हणतो." 'आम्ही' म्हणताना त्याचा आवाज थोडा ताठ झाला होता.

पुढच्या लेण्यात आत बसलेल्या बुद्धाची मोठी मूर्ती आहे, दोन्ही बाजूंना उभ्या आकृत्या. तिथं एक म्हातारी बाई आमच्या आधीच पोचली होती. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात तेलाची पणती. नाव ठकूबाई, गाव देवळ्याजवळचं. डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला मुलगा तिला नाशकात घेऊन आला होता. तो खाली चहाच्या टपरीवर थांबला होता आणि ही एकटी वर चढून आली होती. मला म्हणाली, "मधी धर्मराज शे. ह्या अंगाला भीम, त्या अंगाला अर्जुन. माझी सासू आणायची माले." देवळ्याकडच्या मराठीत असं अहिराणीचं 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'माले' म्हणजे 'मला' मधेच डोकावतं.

सुमेध हलक्या आवाजात म्हणाला, "आजी, पणती नका लावू, दगड काळा पडतो. आणि हा धर्मराज नाही, बुद्ध आहे."

"असू दे की रे पोऱ्या," म्हणत तिनं पायाशी कुंकू वाहिलं आणि डोकं टेकवलं.

दारातून तिरपा उजेड आत आला होता. काळा दगड, हिरवं लुगडं, पांढरा शर्ट. मी फोन काढला. ती उठताना पणतीतलं तेल सांडलं, तिचा पाय घसरला आणि सुमेधनं झेप घेतली. मी तीनदा बटण दाबलं. पहिल्या फोटोत ती वाकलेली आहे आणि तो शेजारी उभा. तिसऱ्यात ती उंबऱ्यावर बसून त्याच्या बाटलीतलं पाणी पिते आहे. मधल्या फोटोत त्याचा एक हात हवेत उगारल्यासारखा आहे, दुसरा तिच्या पदराआड गेल्यामुळं दिसत नाही, तिचं तोंड भीतीनं उघडं आहे, कुंकू उडालं आहे, आणि या सगळ्याच्या वर ती शांत मूर्ती.

मी आयुष्यात काढलेला तो सगळ्यांत चांगला फोटो होता. खाली उतरून चहा पिताना मी तो आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "प्रकाश बघा."

फक्त मधला टाकला. बाकीच्या दोहोंत बघण्यासारखं काय होतं?

सोमवार, त्र्यंबकेश्वर

त्र्यंबकला रांग लांब होती. माझ्यापुढं परभणीकडचं एक कुटुंब होतं. आतून दर्शन घेऊन बाहेर आल्यावर त्यांची सून नवऱ्याला म्हणाली, "पिंड कुठंय? मला तर खड्डाच दिसला." कॅलेंडरवर जशी उंच पिंड असते तशी इथं नाही. खळगा आहे, त्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे, आणि ते दिसावेत म्हणून आरसा लावलेला. तिचा चेहरा उतरला होता. मला तिचं नवल वाटलं नाही. शाळेत मी दरवर्षी मुलांना 'मनातला देव' काढायला सांगत असे. दरवर्षी चाळीस मुलं वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवरचा देव काढत. आमच्या कोकणात रवळनाथापुढं गाऱ्हाणं घालणाऱ्या घरांतली मुलं, जिथं कितीतरी देव नुसते पाषाण आहेत, ती पोरंसुद्धा. एकानंही कधी दगड काढला नाही.

हे निर्मलेला सांगत कुशावर्त कुंडाच्या पायऱ्यांवर बसले होते. शेजारी हार विकणारी बाई तिच्या फोनमध्ये बघून चुकचुकली आणि फोन आमच्याकडे वळवला. "बघा ओ ताई, काय दिवस आलेत. म्हातारीला देवाच्या पायावरनं ढकलून दिलं मेल्यानं."

फोटो माझा होता.

कडेनं कापला होता, आणि सुमेधच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, 'दर्शनाला आलेल्या आईला मारहाण. ह्याला ओळखा.'

निर्मलेनं माझ्या मांडीवर हात दाबला, म्हणजे गप्प राहा. बसमध्ये तिनं स्वतःचा फोन उघडला तर तिच्या जुन्या बँकेच्या ग्रुपवर तोच फोटो आला होता, पण दुसरीकडून कापलेला. त्यात सुमेध नव्हताच. म्हातारीचा कुंकवाचा हात आणि मूर्तीचे पाय एवढंच. 'आमच्या बुद्धाला कुंकू फासतात आणि आपण बघत बसायचं?'

एकाच फोटोचे दोन तुकडे झाले होते. ज्याला जो हवा तो त्यानं घेतला होता.

मी ग्रुपवर विचारलं, कुणी पाठवला? मग एकीनं लिहिलं, "अगं, इतका सुंदर होता, मी दोघांना पाठवला फक्त." मी घाईघाईनं तिन्ही फोटो टाकले, खरं काय ते लिहिलं, सगळ्यांना पुढं पाठवा म्हटलं. दोघांनी अंगठा दाखवला. पाणी पिणाऱ्या म्हातारीचा फोटो कुणी कशाला पुढं पाठवेल?

"तू उद्याच्या गाडीनं घरी जा," निर्मला म्हणाली. "तुझं नाव कुणाला माहीत नाही."

"त्याचा चेहरा सगळ्यांना माहीत आहे," मी म्हटलं.

मंगळवार, सुमेधचं घर

सुमेध फोन उचलत नव्हता. चौथ्या वेळी त्याच्या आईनं उचलला आणि पत्ता सांगितला. वसाहतीच्या तोंडाशी निळ्या झेंड्याखाली दहाबारा तरुण उभे होते. आमची रिक्षा थांबवून कुणाकडे, कशाला, असं विचारलं. त्यांच्यातला एक आमच्याबरोबर दारापर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला.

घर दोन खोल्यांचं, लख्ख. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. सुमेध खाली बसला होता, दाढी वाढलेली. क्लासवाल्यांनी 'थोडे दिवस येऊ नका' म्हणून कळवलं होतं. पालकांचे फोन येत होते म्हणे. कुणीतरी त्याला ओळखून नाव आणि नंबर फोटोखाली टाकला होता, त्याच्या फोनवर रात्रंदिवस अनोळखी माणसांच्या शिव्या चालू होत्या. रविवारी लेण्यांच्या पायथ्याशी दोन्हीकडची माणसं जमणार होती, असंही त्यानं सांगितलं.

मी म्हटलं, "सुमेध, तो फोटो मी काढला. मीच पाठवला."

त्याची आई शोभाताई चहाचा कप माझ्यासमोर ठेवणार होत्या. तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

"विचारून काढायचा होता," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराचा हात होता ना तो? विचारायचं होतं."

"चुकले मी."

"चुकलात. पण बाहेर पडल्या की तुम्ही सुटाल. हा कुठं जाईल?"

मी सुमेधला विचारलं, मी काय करू? तो म्हणाला, "मला स्वतःलाच आता नीट आठवेना, मॅडम. तो फोटो इतक्यांदा बघितलाय की वाटतं, मी चिडलोच होतो का? पणतीचा राग आला होता थोडा. तो हातात उतरला असेल का?"

"नाही," मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर आदल्या दिवसापासून मीही तो फोटो उघडून बघत होते, आणि दर वेळी तो हात मला थोडा जास्त उगारलेला दिसत होता.

"त्या आजी काय म्हणतात ते महत्त्वाचं," सुमेध म्हणाला. "त्यांनी 'ढकललं' म्हटलं तर संपलं."

बुधवार, देवळ्याकडे

निर्मला भीत होती, तरी आली. एसटीतून दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी दिसत होत्या, लांबच लांब, जाळीच्या भिंतींच्या. आमच्याकडे आंब्याची अढी घरातल्या काळोखात लावतात. इथं कांद्यासाठी वाऱ्याची घरं बांधलेली. एरवी मी उतरून स्केच काढलं असतं.

गाव शोधावं लागलं नाही. देवळ्याच्या स्टँडवर "ठकूबाई" म्हणताच रसवंतीवाला म्हणाला, "फोटोतली आजी का? जीपवाल्याला सांगा, सोडंल."

घरासमोरच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सातआठ पुरुष बसले होते. त्यांच्यात ठकूबाईचा मुलगा दिलीप, चाळिशीचा, डोळे तांबारलेले. टेबलावर एक लिहिलेला कागद आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड होता. सुमेधविरुद्धची फिर्याद. दुपारी पोलीस स्टेशनात द्यायची होती.

"तुम्ही कोण?" दिलीपनं विचारलं.

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरून गेले. म्हटलं, "मी रविवारी तिथं होते. फोटो माझाच आहे. त्या मुलानं तुमच्या आईला ढकललं नाही. पडताना धरलं."

खुर्च्या एकदम सरकल्या. एकजण उठून अगदी तोंडाशी आला. "म्हंजे आग तुम्ही लावली. आन आता इझवायला आल्या?"

"हो."

त्याला 'हो'ची अपेक्षा नव्हती. तो तसाच उभा राहिला. दुसरा म्हणाला, "त्या लोकांनी पाठवलं असंल हिला. पैसे दिले असतील." निर्मलेनं माझा दंड घट्ट पकडला. तिची नखं रुतत होती.

दिलीपनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "आईला विचारू. तिच्या तोंडून आलं की झालं."

ठकूबाईला बाहेर आणून ओट्यावर बसवलं. मला बघून ती हसली. तिनं तो फोटो अजून पाहिलाच नव्हता, लोकांकडून नुसता ऐकला होता. दिलीपनं फोन तिच्या डोळ्यांशी धरला. ती बघत राहिली. बोटानं सुमेधच्या हाताला शिवली. चित्र सरकलं, तशी दचकली.

"ही मीच शे?"

"हो आई. आता सांग, त्यानं काय केलं?"

"माले तर वाटलं व्हतं का..." ती थांबली. पुन्हा फोटो बघितला. "पण ह्याच्यात तर ढकलतोयच की तो."

"आजी, तुम्हाला काय आठवतंय?"

"माझं आठवलेलं काय धरतीस बाई? डोळ्याचं आपरेशन झालेलं. मला निम्मं दिसत नाय. फोटूला तर समदं दिसतं." "लय वाईट झालं. मी त्याला चांगला समजली व्हती."

कुणीतरी शाईचा पॅड उघडला. मी बाकीचे दोन फोटो दाखवले. तो तोंडाशी आलेला माणूस म्हणाला, "हे मागनं बनवलं असंल. आता काय पायजे ते बनवता येतं." पॅड पुढं सरकला, आणि ठकूबाईनं अंगठा सैल सोडला.

त्या क्षणी मला कळलं की अजून फोटो दाखवून काही होणार नाही. मी फोन पिशवीत टाकला आणि ओट्यावर तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "आजी, डोळे मिटा. फोटो जाऊ दे. पाय कुठला घसरला?"

"हा. डावा."

"मग?"

तिनं खरंच डोळे मिटले होते. "खाली तेल व्हतं. थंडगार. माझ्या मनात आलं, आता कंबर गेली, आता दिलप्याला उचलून न्यावं लागंल. तेवढ्यात..." तिचा उजवा हात आपोआप डाव्या काखेत गेला आणि तिथंच थांबला. गोठ्यातली गाय तेवढी कान झाडत होती.

"हितं," ती म्हणाली. "हितं बगलेत हात घातला त्यानं. वर उचललं. अजून दुखतंय, अंगठा रुतला व्हता त्याचा." तिनं डोळे उघडले आणि त्या माणसांकडे एकेक करून बघितलं. "ढकलणारा बगलेत हात घालत नाय रे."

दिलीप खाली बघत होता. तोंडाशी आलेला माणूस म्हणाला, "मावशी, पण आपण जीपा सांगितल्या रविवारच्या..."

"सांगितल्या तर जा. देवाला पाया पडून या." तिनं तो कागद उचलून मुलाच्या हातात दिला. "हे फाड. आन मला त्या पोऱ्याच्या घरी ने."

गुरुवार, पुन्हा वसाहतीत

निर्मलेच्या घरून आम्हा दोघींना घेतल्यावर दिलीपच्या जीपमध्ये आम्ही चौघंच होतो. गावातलं आणखी कुणी आलं नाही. झेंड्याखालच्या तरुणांनी जीप अडवली. कुंकवाचं कपाळ बघून त्यांचे चेहरे आक्रसले. दिलीपनं काचेतून हात जोडले. सुमेध स्वतः बाहेर आला तेव्हा त्यांनी वाट दिली, आणि अख्खी गल्ली दारांत, गच्च्यांवर उभी राहिली.

आत गेल्यावर ठकूबाईनं भिंतीवर बघितलं आणि मला नको होतं तेच बोलली. "हा तर आमचा धर्मराज!"

दारातल्या गर्दीत कुजबुज झाली. सुमेधची मान ताठ झाली. "नाही आजी. हा बुद्ध आहे. इथंही तोच आहे, लेण्यातही तोच आहे."

"पन्नास वरसं मी धर्मराज म्हणते रे."

"म्हणा. पण मी बुद्धच म्हणणार, आणि तुम्ही परत आलात तरी पुन्हा सांगणार. दुसऱ्या नावानं हाक मारत राहिलं, की हळूहळू माणूसच नव्हता असं होतं. आमच्या बाबतीत लय वेळा झालंय ते."

मला वाटलं, आता बिनसलं. ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "माझी जीभ आता वळायची नाय. पण तू सांगत जा." मग दाराकडे वळली आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा मोठ्यानं म्हणाली, "ह्या पोरानं माले पडताना धरलं. ज्यानं दुसरं सांगितलं तो खोटं बोलला. मी ठकूबाई, फोटोतली."

शोभाताईंनी तिला पाटावर बसवलं, चहा दिला. या वेळी मलाही कप मिळाला. दिलीपनं फोन काढला. "दोघांचा सोबत एक घेतो. गावातल्यांना दाखवायला बरा."

"नको," सुमेध म्हणाला. "गल्लीनं बघितलंय. गावाला तुम्ही तोंडानं सांगा."

दिलीपनं तोंडानं सांगितलं असावं. रविवारी पायथ्याशी थोडी माणसं जमली, घोषणा झाल्या, पोलीस आले, आणि ऊन वाढल्यावर सगळे पांगले. हे मला निर्मलेनं फोनवर सांगितलं, कारण शुक्रवारी मी कुडाळची गाडी पकडली होती. सुमेधला क्लासनं दीड महिन्यानं परत बोलावलं. चार मुलं मात्र दुसरीकडे गेली ती गेलीच.

परवा मी त्याला फोन केला. बोलणं अजून अवघडच असतं. माझी माफी त्यानं घेतली की नाही ते मी विचारत नाही, तोही सांगत नाही. रविवारी लेण्यांवर जातोस का, एवढं विचारलं.

"जातो ना," तो म्हणाला. "अक्षरं वाचून दाखवतो. मागच्या रविवारी एक आजोबा पायरीवर अडखळले."

"मग?"

"धरलं. पण आधी आजूबाजूला बघितलं, मॅडम. कोण फोन धरून उभं आहे का ते. तेवढ्यात त्यांचा गुडघा टेकला होता."

मग म्हणाला, "लागलं नाही फार. थोडंसं खरचटलं."

मी म्हटलं, "हो का." दुसरं काय म्हणणार होते?